इस्मालच्या गच्चीवरचं ऊन

इस्माल, तू गेलास तेव्हा सगळ्यांनी तुझ्या तोंडाकडं पाहिलं. मी मशीनकडं पाहिलं.

लोकांना वाटलं, नामदेवला दोस्ताचं तोंड बघवेना. आपल्या दूध संस्थेच्या चेअरमननं, दगडूआबांनी, मला मागून धरलं आणि म्हणाले, "सावर गड्या." अरे, सावरायचं काय त्यात? मी पहाडासारखा उभा होतो! ऑक्सिजनच्या मशीनवरचा हिरवा दिवा लागलेला होता, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे उठत होते, इन्व्हर्टर गुरगुरत होता. सकाळचे दहा वाजलेले, आणि गच्चीवर असं ऊन की वर पीठ उधळलं असतं तर खाली भाकरी पडली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, "चालू हाय!"

तुझ्या बायकोनं, जैबुनभाभीनं, एकदम वर पाहिलं. तिला वाटलं, मी तुझ्या श्वासाचं बोलतोय. त्या एका क्षणात तिच्या डोळ्यांत जे आलं ते मीच दिलं होतं, आणि लगेच मलाच काढून घ्यावं लागलं. त्याची माफी मी तिच्याकडं मागितली. तुझ्याकडं आज मागतोय.

तुझी जियारत, तिसऱ्या दिवसाची फातेहा, होऊन चार दिवस झाले. संस्थेतले लोक म्हणाले, सचिवसाहेब, इस्माईलभाईवर चार ओळी लिहा, फळ्यावर लावू. कुणीतरी 'मनमिळाऊ' शब्दही सुचवला. मी म्हणालो, कोण मनमिळाऊ? हा माणूस जेवढ्या मायेनं बॅटरीशी बोलला तेवढ्या मायेनं माणसाशी बोललेला मी पाहिला न्हाई. बॅटरीला कलिंगडासारखी टिचकी मारायचास, कान लावायचास आणि म्हणायचास, "काय झालं बेटा, पानी कमी पडलं का?" आणि तिच्या मालकाला म्हणायचास, "तू बाजूला हो बे." तेव्हा फळ्यावर काय लिहायचं ते दगडूआबा लिहितील. मला तुझ्याशी बोलायचंय. तू मधेमधे टोकणार न्हाईस, एवढीच पंचाईत.

तू म्हणायचास, नाम्याच्या बोलण्यातलं निम्मं कमी करून ऐकावं. म्हणून तर मी दुप्पट सांगायला लागलो. चूक कुणाची?

आता ती कोंबड्यांची गोष्टच घे. गावात घरावर पहिली सोलरची प्लेट बसली ती माझ्या. तूच बसवलीस. एक प्लेट, एक बॅटरी, तीन बल्ब. पहिल्या दिवशी दिवेलागणीला बल्ब पेटला तो असा पेटला की आमचा कोंबडा उडून आढ्यावर बसला आणि आरवायला लागला. दुसऱ्या दिवसापासून कोंबड्या दोन दोन अंडी द्यायला लागल्या. हे मी केजच्या बाजारापासून तेलगावच्या जीपस्टँडपर्यंत सांगत सुटलो आणि पंधरा दिवसांत संस्थेच्या तीस सभासदांनी प्लेटा घेतल्या. बसवल्या तू, आणि पुढं सहा महिने लोकांनी धरलं तुलाच, "इस्माईलभाई, आमच्या कोंबड्या कावून एकच अंडं देतात?" आणि तू काय सांगायचास? "नाम्याची प्लेट दक्खनला हाय. तुमची जरा पूरबला सरकली." तोंडावरची माशी हलू न देता! सांग, त्या दिवशी निम्मं कुणी वाढवलं?

जवानीत तू जिनिंगमध्ये कापूस ओढलास. हंगामात भुरभुर पांढरा होऊन घरी यायचास, आणि लहान लेकरं भूत म्हणून पळायची. पुढं जळालेल्या पाण्याच्या मोटारींना तार गुंडाळायला लागलास, मग बॅटऱ्या, मग सोलर. कापूस सुटला, पण जो आत गेलता तो काही बाहेर आला न्हाई. "सीने में गादी भरली हाय," तू म्हणायचास, "फक्त शिवायची राहिली." आम्ही हसायचो. मग एक दिवस तुला दहा पावलंही चालवेनात, आणि आम्ही तुला जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं तुझं एकच टुमणं. "नाम्या, घरी ने. मरायचं तर माझ्या पंख्याखाली मरतो." तो पंखा म्हणजे तू स्वतःच्या हातानं गुंडाळलेला, तुझ्या खाटेवरचा. असा हळू आवाजात फिरायचा की चालू हाय का बंद हाय हे कळायला वर बघावं लागायचं. दवाखान्यातला पंखा खडखड करायचा, आणि तू पडल्यापडल्या त्याला शिव्या द्यायचास. डॉक्टर भले होते. म्हणाले, "घरी न्यायला हरकत नाही. पण मशीन चोवीस तास चाललं पाहिजे. अर्धा तास सिलिंडर पुरेल, एक तास पुरेल, पुढे नाही. तुमच्या गावात लाईट असते का?"

आता आपल्या गावात लाईट कशी असते ते तुला मी सांगावं? सकाळी येते, तोंड दाखवते, आणि माहेरी निघून जाते. पण मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, काय विचारता! सूर्य राहायलाच आमच्या गावात हाय. बाकीच्या जिल्ह्याला आमीच पाठवतो, दिवसातून थोडा थोडा. ह्याच्या गच्चीवर एवढ्या प्लेटा हायत की मनात आणलं तर साखर कारखाना चालवू."

डॉक्टरांनी तुझ्याकडं पाहिलं. "हे खरं बोलतात का?"

आणि तू नाकातली नळी सरळ करत म्हणालास, "साब, हा आदमी निम्मं खोटं बोलतो. पण कोनतं निम्मं, ते चाळीस सालात मला कळलं न्हाई."

डॉक्टर हसले. कागद पुढं केला आणि म्हणाले, लाईटची जबाबदारी ज्याची, त्यानं सही करावी. मी केली. इस्माल, मी आजवर लई सह्या केल्या, संस्थेचं प्रोसिडिंग माझ्या सह्यांनीच काळं झालंय. पण ती सही करताना मी तुझ्याकडं पाहिलं न्हाई. कारण तुझ्या गच्चीवर तेव्हा एकच प्लेट होती, आणि तिच्यावर पंखा अन् दोन बल्ब चालायचे.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये तू विचारलंस, "कारखान्याच्या प्लेटा कुटं हायत बे?" मी म्हणालो, "येतील." तू डोळे मिटून घेतलेस. तुला वाटलं असेल, फसवलं. मला तर वाटत होतंच.

पण दुष्काळाचंही एक भलं असतं. यंदा गावातली जनावरं सगळी चारा छावणीवर होती, दूध तिथूनच गोळा व्हायचं, आणि संस्थेची इमारत दोन महिन्यांपासून कुलपात. तिच्यावरच्या आठ प्लेटा नुसत्या ऊन खात पडलेल्या. बॅटऱ्या पोटभर भरून बसलेल्या. मी दुसऱ्याच दिवशी सभा लावली. मारुतीच्या पारावर एवढे सभासद जमले की पाराला घाम फुटला. बरं, निम्मं कमी कर. तरी बावीस होते. दगडूआबा म्हणाले, "संस्थेची मालमत्ता सभासदाच्या घरावर? कायद्यात बसतं का?" मी म्हणालो, "कायद्यात इस्माल बसत न्हाई, खाटेवर बसतो, ते बी उशी लावून." तेव्हा म्हातारी गयाबाई उठली. तिच्या घरात एक म्हैस, एक सून आणि एक बल्ब. ती म्हणाली, "माझा बल्ब बंद पडला तवा ह्यो दमेकरी शिडी चढून आलता. शिडीवर तीनदा बसला. लिवा ठराव."

ठराव मीच लिहिला. 'इस्माईलभाई यांचा श्वास चालू ठेवणे हे दुष्काळ संपेपर्यंत संस्थेच्या कामकाजाचा भाग समजण्यात यावे.' सर्वानुमते मंजूर. आपल्या संस्थेत पहिल्यांदा एखादी गोष्ट सर्वानुमते मंजूर झाली, आणि तू तिथं नव्हतास. असतास तर तूच विरोध केला असतास.

तोवर जीपनं आणलेली सिलिंडरं एकामागं एक बदलत तुला धरलं, आणि दोन दिवसांत तुझ्या गच्चीवर आठ प्लेटा चढल्या. तू अंगणात खाटेवर, सिलिंडरच्या नळीवर, आणि तिथून ओरडतोयस, "दक्खनला! दक्खनला फिरव बे! ती तुझी दक्खन हाय का? तो तुझा सासरवाडीचा रस्ता हाय!" मशीन लावलं. दिवा हिरवा झाला. तू नळी नाकाला लावलीस, एक लांब श्वास घेतलास आणि म्हणालास, "ऊन लागतंय रे." म्हणजे काय ते मी विचारलं न्हाई. तुझ्या तोंडावर रंग आलेला दिसला, बास.

आठवडाभरात गावची डीपी, लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. सगळ्यांनी एकदम कोरड्या बोअरच्या मोटारी लावून पाहिल्या, आणि ती बिचारी भस्स झाली. नवी यायला वेळ लागणार होता. म्हणजे आता मधेमधे यायची तीही लाईट संपली. राहिला तू, आठ प्लेटा आणि वर सूर्य.

त्यातच खारोड्यांचा प्रकार झाला. आठवतं ना? भर दुपारी इन्व्हर्टर टीं टीं करून बोंबलायला लागला. वर रणरणतं ऊन, अन् बॅटरी खाली चाललेली! भाभी धावत माझ्याकडं आली, मी जिना तीन उड्यांत चढलो, वर जाऊन बघतो तर आठही प्लेटांवर बाजरीच्या खारोड्या! तीळ लावून, ओळीनं, एकाला एक खेटून. शेजारच्या तीन बायका कठड्याच्या सावलीला बसून कावळे हाकतायत. मी किंचाळलो, "अहो, हे काय?"

त्यातली एक म्हणाली, "काच लई तापती, भाऊजी. म्हणलं एका दिसात वाळतील. अन् उतरती बी हाय, पानी निथळतं."

"अन् खाली माणूस निथळतोय त्याचं काय?"

त्या बायांची तोंडं पांढरी पडली. पदरात भरून, ओंजळीनं, पटापट खारोड्या काढल्या बिचाऱ्यांनी. मी खाली आलो तर सिलिंडर लावून तू असा हसत होतास की भाभी रडकुंडीला आलेली. "नाम्या," तू धापा टाकत म्हणालास, "मला वाटायचं मी हवा खातो. हवाच खारोड्या खाती." संध्याकाळी त्यातल्याच चार तळून आणायला लावल्यास. एक मला दिलीस. म्हणालास, खा, माझ्या श्वासाची हाय. मी तिखट जास्त झालंय म्हणून डोळे पुसले. तिखट नव्हतंच तिच्यात.

आता जे तुला कधी बोललो न्हाई ते सांगतो.

मिरीग कोरडा गेला. टँकर दोन दिवसांआड आला. गावातलं माणूस न् माणूस सकाळी उठलं की आधी आभाळाकडं बघायचं, आणि आभाळ स्वच्छ दिसलं की तोंड पाडायचं. सगळ्या गावात एकटा मी, ज्याला स्वच्छ आभाळ बघून हायसं वाटायचं. माझ्याही शेतात ढेकळंच होती, इस्माल. माझीही म्हैस छावणीत दावं चघळत होती. तरी डोंगराकडं एवढा कापसाचा पुंजका दिसला तरी मी व्होल्ट बघायला धावायचो. मी रोज माझ्या घरच्या पाण्यातली अर्धी बादली तुझ्या गच्चीवर न्यायचो आणि प्लेटांवरची धूळ धुवायचो. घरात बायको म्हणायची, "प्यायला न्हाई अन् तुमी ऊन धुता." बरोबरच म्हणायची.

गावालाही हे कळलं होतं. माझ्यासमोर कुणी पावसाचं नाव काढेना. पारावर मी गेलो की गप्पा पावसावरून निवडणुकीवर यायच्या. आणि मग धोंडी काढायची ठरली. गावाची जुनी रीत, अंगभर कडुनिंबाचे डहाळे बांधून एकजण दारोदार फिरतो, पाऊस मागतो, आणि प्रत्येक घरातून त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततात. यंदा पाणी न्हाई म्हणून वाटीभर ओतायचं ठरलं. आणि दुसरं एक ठरलं, मला न सांगता: इस्माईलभाईच्या गल्लीत धोंडी न्यायची न्हाई. आजारी माणसाच्या दारात, त्याच्याच उन्हाविरुद्ध, पाऊस कसा मागायचा?

ते तुला कळलं, आणि तू असा खवळलास की मशीनची नळी निसटली. दगडूआबांना बोलावून घेतलंस. "माझ्या दारात कावून न्हाई? मी गावचा न्हाई का? मला पाऊस नको का?" आबा नुसते पागोटं सरळ करत राहिले. मग तू माझ्याकडं बोट दाखवलंस. "अन् धोंडी ह्याला करा. ह्याचा आवाज मोठा हाय. खोटंनाटं सांगून का होईना, वरपर्यंत पोचवील."

केलं मला धोंडी! गावातली अर्धी झाडं माझ्या अंगावर बांधली. मी चालायला लागलो तर शेळ्या मागं लागल्या. दारोदार फिरलो, बोंबलून पाऊस मागितला, आणि शेवटी तुझ्या दारात आलो. तू खाटेवरून उठून उंबऱ्यापर्यंत आलास, नळीची लांबी संपेपर्यंत. भाभी वाटीत पाणी घेऊन आली. तू म्हणालास, "वाटी ठेव. ती बादली आण." माझी बादली! प्लेटा धुवायला ठेवलेली! मी म्हणालो, "इस्माल, ते पाणी—" तू म्हणालास, "माग मोठ्यानं." आणि अर्धी बादली माझ्या डोक्यावर उपडी केलीस.

मी मोठ्यानं मागितला. शपथेवर सांगतो, असा ओरडलो की धारूरच्या किल्ल्यावरची वटवाघळं उडाली असतील. आणि त्याच वेळी मनात म्हणालो, आता नको. एवढ्यात नको. ह्याचं होऊ दे, मग ये. सगळ्या गावानं माझ्या तोंडून पाऊस मागितला, आणि मी आतल्या आत अर्ज मागं घेतला. देव तरी काय करील? गोंधळला असेल बिचारा. तिसऱ्या दिवशी त्यानं आभाळ पाठवलं, आणि पाऊस ठेवून घेतला.

तीन दिवस, इस्माल. राखेच्या रंगाचं आभाळ, हालेना ना बरसेना. सावली कुठं पडते तेही कळेना. प्लेटा आजाऱ्यासारख्या पडून. तू दर दोन तासांनी विचारायचास, "किती व्होल्ट?" मी गच्चीवरून खाली येऊन सांगायचो, "साडेबारा." होते बाराच्या आत. दुसऱ्या दिवशी साडेअकराला टेकले, मी म्हणालो, "बारा अन् वर थोडं." तू मान हलवायचास. म्हणायचास, "वाह. लई चांगली बॅटरी हाय. आभाळावर बी चालती."

सिलिंडर आणायला माणूस पाठवला होता. तो कधी परतेल भरवसा नव्हता. मी कुणाला काही बोललो न्हाई. सही माझी होती. पण दुपारी तुझ्या गल्लीत हातगाडी वाजली. गयाबाई. तिच्या घरची बॅटरी गाडीवर, वर गोधडी टाकलेली, जसं लेकरू निजवलंय. मी म्हणालो, "मावशी, तुमच्या घरात अंधार होईल." ती म्हणाली, "माझ्या घरात उजेड लावून काय बघायचंय? सून? ती तर रोज दिसती." तिच्या मागं दगडूआबा, ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणलेली. त्यांच्या मागं आणखी, आणखी. तूच बसवलेल्या बॅटऱ्या, एकेकीला तू ओळखत होतास. खाटेवरून हात लांब करून टिचकी मारायचास आणि सांगायचास, "ही नंतर लाव, म्हातारी हाय. ही आधी." गाव दोन दिवस चिमणीवर राहिलं. ज्यांना पाऊस हवा होता, त्यांनीच तुला आभाळातून ओढून काढलं. चौथ्या दिवशी आभाळ निवळलं आणि ऊन पडलं. मी गच्चीवर उताणा झोपलो आणि इतका वेळ सूर्याकडं पाहिलं की दोन दिवस मला प्रत्येक माणूस हिरवा दिसत होता.

खाली आलो तर तू खिडकीतून उन्हाकडं बघत होतास. मग म्हणालास, "पडला असता तर बरं झालं असतं."

"अन् तू?"

"मी एक. गाव सतराशे."

"सतराशेत तू हायसच की."

"तुझा हिशेब कच्चा हाय," तू म्हणालास आणि कूस वळवलीस. भांडण तिथंच राहिलं. मी पुन्हा काढलं न्हाई, कारण मला वाटलं, लई वेळ हाय. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. अजूनही तू चुकतोस. फक्त आता उत्तर द्यायला तू न्हाईस, म्हणून मी जिंकलो असं धरत न्हाई.

त्यानंतर एकोणीस दिवस. सगळे कडक उन्हाचे. शेवटच्या सकाळी तू चहाचा एक घोट घेतलास, भाभीला म्हणालास साखर कमी पडली, आणि गेलास. वर प्लेटा चमकत होत्या. मशीनचं काहीएक चुकलं न्हाई. दोन महिने मी झोपेतून उठायचो तो एकाच भीतीनं: हा जाईल तो माझ्या खोट्यामुळं जाईल. तसं झालं न्हाई. तू तुझ्या वेळेला गेलास, तुझ्या पंख्याखाली, पोटभर हवा खाऊन. म्हणून मी आधी दिवा पाहिला. मला माझी लाज वाटायला हवी, पण वाटत न्हाई. लई हलकं वाटलं, दोस्ता. रडू संध्याकाळी आलं. आलं ते असं आलं की... जाऊ दे, तेवढं तरी वाढवून सांगत न्हाई.

जियारतीच्या दिवशी भाभी दाराआडून माझ्याशी बोलली. म्हणाली, "नामदेवभाई, ते आभाळाचे तीन दिवस तुमी व्होल्ट सांगायचा ना? त्यांना समदं ठाऊक होतं. मशीनचा आवाज ऐकून आकडा सांगायचे. तुमी वर गेला की म्हणायचे, 'पंखा बंद कर, बॅटरी वाचव.' घामानं भिजून पडायचे तीन तीन तास. अन् तुमचा जिन्यावर पाय वाजला की, 'लाव पंखा, झूटा आला.'"

तीन दिवस, त्या उकाड्यात! आणि मी खाली यायचो, पंखा फिरताना बघायचो, आणि मनात म्हणायचो, चला, ह्याला काही कळलं न्हाई. चाळीस वर्षं मी स्वतःला तालुक्यातला पहिल्या नंबरचा थापाड्या समजत होतो. तू एक शब्द न बोलता माझा नंबर काढून घेतलास. तुला मी 'शुक्रिया' कधी म्हणालो न्हाई, म्हणालो असतो तर तू म्हणाला असतास, "ताप आला का बे?" आता म्हणतो. शुक्रिया, इस्माल. पंख्यासाठी. बाकीचं तुला माहीत हाय.

काल प्लेटा उतरवल्या. भाभीचाच निरोप होता: "संस्थेचं हाय, संस्थेला न्या, जनावरं कधी ना कधी परत येतील." मी वर पाना घेऊन नट सोडत होतो, दगडूआबा आणि दोघंतिघं प्लेटा खाली देत होते, गयाबाई गाडीशी उभी. चार प्लेटा उतरल्या आणि बालाघाटाच्या डोंगराकडून आभाळ आलं. राखेचं न्हाई, काळं. बुडाशी निळं. वारा थंड लागला. आणि बघतो तर काय, दगडूआबा प्लेट धरून खाली बघतायत. गयाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला. सवय झाली होती त्यांना. दोन महिने माझ्यासमोर आभाळ आलं की आनंद गिळायची सवय. तेव्हा मला कळलं, मी एकटाच काही धरून बसलो नव्हतो.

मी म्हणालो, "काय झालं? बघा की वर!"

कुणी बघेना. मग मी पाना ठेवला, कठड्यावर चढलो आणि मान वर करून ओरडलो. ह्या खेपेला मनात काही मागं घेतलं न्हाई. "ये! काळं काळं ये! बालाघाट बुडव! तेलगाव बुडव!" आबा हसायला लागले. गयाबाईनं पदर काढला आणि उघड्या डोळ्यांनी आभाळाकडं पाहिलं.

आतून भाभीचा आवाज आला, "नामदेवभाई, राहिलेल्या चार प्लेटा भिजल्या तर चालतंय का?"

"चालतंय, भाभी," मी म्हणालो. "आता समदं भिजलं तरी चालतंय."